मोर माझ्या फाईलींत

प्रोग्रामर जमातीवर माझा भयंकर राग आहे आणि मी त्याच जमातीतला आहे. सोलापुरात चादरींच्या नक्षीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही दोघं, मी आणि माझा एक वर्गमित्र. कॉलेजात एका बाकावर बसायचो. आजही चहा एकाच गाड्यावर पितो, एकमेकांकडे पाठ करून. माझी फाईल त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, त्याची माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की दोघंही सुरक्षिततेचं कारण सांगतो. धादांत खोटं! त्यानं आखलेली फाईलीची रचना स्वीकारायची म्हणजे तो आपल्यापेक्षा शहाणा हे कबूल करायचं. ते मला मेलो तरी जमलं नसतं.

साखर पेठेतले एक वयस्क नक्षीकार पहिल्यापासून माझं सॉफ्टवेअर वापरायचे. घरात तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी. त्यांची सगळी नक्षी माझ्या फाईलींत होती. हाताने काढलेले मूळ कागद त्यांनी रद्दीत घातले, तेही माझ्याच सांगण्यावरून. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला त्यांचे मोर हवे होते, कायमचं काम मिळणार होतं. पण तिथल्या मागांवर सॉफ्टवेअर होतं त्या दुसऱ्याचं.

"तिकडं उघडंल अशी फाईल करून द्या की," ते म्हणाले. "तुमी दोगं एकाच गाड्यावर चा पिता. इचारा त्यास्नी."

त्याला विचारू? मी?

"कशाला?" मी म्हटलं. "फाईल बदलून देणारा प्रोग्रामच लिहितो. आठ दिवस द्या."

आठ दिवसांचे तीन महिने झाले. त्याच्या फाईलीची रचना मी अंदाजानेच उकलत बसलो होतो. कधी मोराची मान लाल यायची, कधी अख्खा मोर आडवा पडायचा. नंतर कळलं, ही गोष्ट कानावर गेल्यावर त्यानंही माझ्या फाईली उघडणारा प्रोग्राम लिहायला घेतला होता, मला न विचारता. म्हणजे रोज सकाळी आम्ही हातभर अंतरावर उभे राहून चहा ढोसत होतो आणि दोघांच्याही डोक्यात तोच मोर उलटासुलटा होत होता. मूर्ख लेकाचे!

नक्षीकार दर सोमवारी यायचे. "झालं का ओ?" एवढंच विचारायचे. एकदा मी त्यांच्यावरच खेकसलो. ते चपला घालून गेले.

मग एका सोमवारी त्यांनी माझ्या सॉफ्टवेअरची किल्ली, ती पेनड्राइव्हएवढी डोंगल, टेबलावर ठेवली. कारखान्यानं बाहेरून तयार नक्षी घेतली होती.

"पडद्यावर बघून परत काडलं असतं," ते म्हणाले, "पर आता डोळं साथ देत न्हाईत. ऱ्हाऊ द्या मोर तुमच्यापाशीच."

माझा प्रोग्राम आता चालतो. एक धागा चुकत नाही. कालच त्यात आणखी सुधारणा केली. वापरणारं कुणी नाही.

त्याला मात्र मी अजून विचारलेलं नाही.