कारभारी नानांचा हळद्या

"हळद्याला पपई अन् कावळ्याला दगूड." कारभारी नाना हे रोज म्हणायचे. परसात पपई कापताना म्हणायचे, पारावर तंबाखू मळताना म्हणायचे, आणि कोणी काही विचारलं नाही तरी म्हणायचे.

खर्ड्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती आहे. माळ बोडका, माती मुरमाड. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि मागं म्हातारी माणसं उरतात. नानांचीही सगळी उमर उसाच्या फडात गेली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कोयता आढ्याला खोचला आणि घरी बसले. रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून मोरीच्या सांडपाण्यावर पपईची झाडं लावली.

एका सकाळी झाडावरच्या पिकल्या पपईला भोक पडलेलं दिसलं, आणि त्या भोकात चोच घालून बसलेला हळद्या दिसला. हळदीत बुचकळून काढावा तसा पिवळा, डोळ्यांत काजळाची रेघ. नाना गुडघे विसरून तिथंच उकिडवे बसले आणि तो उडून जाईपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातल्या वाळल्या बोरीला खिळे ठोकले. खिळ्याला अर्धी पपई, खाली पाण्याचं परळ. हळद्या येऊ लागला. मग त्याची मादीही आली, हिरवट अंगाची, बुजरी. तो बोलला की बासरीत कोणी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटायचं. ती शीळ कानावर आली की नाना कुठंही असोत, कपाळावर आडवा हात धरून वर बघायचे.

मोबाईलवरून फोटो फिरले आणि जामखेडहून मोठे कॅमेरे घेऊन माणसं यायला लागली. ती नानांच्या बाजेवर बसायची, नानांना 'सर' म्हणायची. जन्मभर मुकादमाच्या शिव्या खाल्लेला माणूस सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावायला लागला.

त्यांची बायको मनकर्णा काकू म्हणायची, "घरच्याला साल अन् पाव्हन्याला गर. मी पिवळं लुगडं नेसून बसू का फांदीवर?"

"फांदी मोडंल," नाना म्हणायचे.

पण पपईवर कावळेही तुटून पडायचे, आणि कावळा बसलेला असला की हळद्या फिरकायचा नाही. नानांनी ओरडून बघितलं, मग ज्वारी राखायची जुनी गोफण काढली. नेम अजून पक्का होता. तरीही कावळे हटेनात. मग एक दिवस विजेच्या तारेला चिकटून मेलेला कावळा त्यांना सापडला. तो त्यांनी काठीला उलटा टांगला आणि काठी बोरीशेजारी रोवली. वस्तीवरचे सगळे कावळे गोळा झाले, दिवसभर घिरट्या घालत ओरडले आणि निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. नानांनी मिशीवरून हात फिरवला.

शेजारची आक्काबाई रोज पहिल्या भाकरीचा तुकडा भिंतीवर कावळ्याला ठेवायची. तो तिथंच वाळायला लागला. ती नानांच्या दारात आली.

"कारभारी, काढ रं ते मढं. त्याच्याशी वैर बरं न्हाई. शेवटाला आपला पिंड त्याच्याच चोचीत हाय."

"तवाचं तवा बघू, आक्का," नाना हसून म्हणाले.

माघात आक्काबाई झोपेतच गेली. तिचा एकुलता एक लेक रामहरी फडावर होता. टेम्पो करून तो आला तोवर सरण रचून झालं होतं. आईच्या तोंडात पाणी घालायचं त्याच्याकडून राहून गेलं.

दहाव्याला ओढ्याच्या वाळूत पिंड मांडला. शेजारी पत्रावळीवर आक्काबाईच्या आवडीची धपाटी आणि बुंदी. सगळे मागं सरून उभे राहिले. आभाळ पुसून ठेवलेल्या ताटासारखं रिकामं होतं.

रामहरी हात जोडून म्हणाला, "आये, घरावरचा पत्रा बदलतो." थोडं थांबून म्हणाला, "आये, पूजाला फडावर नेनार न्हाई. शाळंत ठेवीन." पूजा त्याची मुलगी. ऊन चढत गेलं. कावळा आला नाही.

आक्काबाईचा भाऊ रंगनाथ मामा पुढं झाला. "पत्र्यात न्हाई तिचा जीव. तू तिला एकटी टाकून गेलास, तिथं आडकलाय."

पाहुण्यांत कुजबूज झाली. रामहरीनं भादरलेलं डोकं खाली घातलं.

तेवढ्यात वरच्या बाभळीत शीळ वाजली. हळद्या येऊन बसला होता, उन्हात नुसता झळकत.

"नाना, तुमचं पाव्हनं आलं की," कोणीतरी हळूच म्हणालं. हसावं की नाही, ते कोणाला कळेना.

नाना सगळ्यांच्या मागं उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही. ते आपल्या पायांच्या नखांकडे बघत राहिले.

रामहरी वाळूत पालथा पडला. "आये, चुकलं माझं. मी जायला नको हुतं," म्हणत त्यानं ओल्या वाळूत नाक घासलं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा गुरुजींनी दर्भ उचलला. कावळा येत नाही तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. विधी उरकतो, पण बोल राहतो. आईच्या पिंडाला ज्याच्यापायी कावळा शिवला नाही तो रामहरी, असं त्याला जन्मभर ऐकावं लागलं असतं. गुरुजींच्या बोटांत दर्भाला चोच फुटायला लागली.

बायकांतून मनकर्णा काकू उठली आणि नानांजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "आवो, त्या पोराचं नाक घासून झालं. आता तरी बोला."

नाना लंगडत पुढं गेले. गळ्याजवळची गुंडी त्यांनी सोडली.

"रामहरी, ऊठ. तुझ्या आईचा जीव कशात आडकला न्हाई. वस्तीवर कावळंच न्हाईत. मी घालवलेत. तिनं सांगितलं हुतं मला. मी हसलो."

रंगनाथ मामा म्हणाला, "मग हे सकाळीच का न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटली."

"अन् आता?"

"आता जास्त वाटतीया."

रामहरी उठून बसला. त्याच्या नाकाला वाळू चिकटली होती. नानांना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी गुरुजींना विचारलं, "ह्यातलं जरा नेऊ का? खालच्या वस्तीच्या चिंचंवर कावळं असत्यात."

गुरुजींनी दर्भ मांडीवर ठेवला आणि मान हलवली. नानांनी एक धपाटं तळहातावर घेतलं आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी हात उंच केला आणि हाक घातली, "काव, काव." आवाज फाटका निघाला. ज्या गळ्यानं ते आजवर कावळ्यांना हाकलत होते, तोच गळा होता. त्यांनी पुन्हा हाक घातली.

मागं बाभळीत हळद्या बोलला, सावकाश, मन लावून. नानांची मान वळली नाही. रामहरी वाळूत उभा राहिला आणि मामाच्या खांद्याला धरून, नाना ओढ्याच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.