पक्क्या रंगाचे मॅकरून

रंगीत वस्तू दिसली की काका अंगठा जिभेला लावायचे, त्या वस्तूवर घासायचे आणि अंगठा उजेडात धरून निकाल द्यायचे. "कच्चा." फार क्वचित, "पक्का." कॅलेंडर, बसचं तिकीट, स्टोअरच्या रजिस्टरचा पुठ्ठा, काहीच सुटलं नाही. एकदा साहेबांचा नवा टाय घासला. "कच्चा हाये साहेब, धुवाले देऊ नोका."

धंदा सुटतो पण हात सुटत नाही, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काकांचं घर उमरेडचं, विणकरांचं. सूत रंगवायचं काम त्यांच्याकडे. हातमाग बसले तसे ते कोराडीच्या वीजकेंद्रात हेल्पर म्हणून लागले. मीही उमरेडच्याच शाळेतला, म्हणून त्यांना काका म्हणायचो. बाविसाव्या वर्षी वीजकेंद्राच्याच स्टोअरमध्ये क्लार्क झालो. एकटा जीव, कामात बेताचा आणि नकलांत पटाईत. डबा खाताना मी काकांसमोर काकांचीच नक्कल करायचो. पोळीवर अंगठा घासून म्हणायचो, "कच्ची!"

"पोट्ट्या," ते हसत म्हणायचे, "अंगठा जरा उलटा धर. माहा तसा नाही."

त्या उन्हाळ्यात ते हसेनासे झाले. काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. म्हणाले, घरी न्या, मागतील ते खाऊ द्या. काकू काही मागेचनात. भात नको, आंबा नको, चहासुद्धा नको. वीजकेंद्राची राख खिडकीतून येऊन त्यांच्या उशीवर बसायची आणि काका ती रुमालानं टिपत राहायचे.

मग एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "माकरून."

लग्नाआधी काकू नागपुरात नर्सांच्या होस्टेलात भांडी घासायच्या. एका नाताळात एका नर्सबाईनं त्यांना कागदात बांधून दोन मॅकरून दिले होते. एक हिरवा, एक गुलाबी. अंड्यातलं पांढरं, साखर आणि खोबऱ्याचा कीस, एवढीच त्याची करामत. पण नंतर तीस वर्षं त्यांनी ते तोंडाला लावले नव्हते. काकांच्या गळ्यात माळ होती. घरात अंडं येत नव्हतं.

काका बसनं शहरात गेले. बेकरीवाला म्हणाला, मॅकरून आम्ही डिसेंबरातच करतो. काका म्हणाले, "डिसेंबरपर्यंत ती नाही राहात." त्यानं मग कृती तोंडी सांगून टाकली.

रविवारी सकाळी काका माझ्या क्वार्टरच्या दारात उभे. हातात पिशवी, अंड्याचा वास नको म्हणून नाकाला रुमाल बांधलेला.

"तुह्या इथं अंडं चालते ना गा?"

"माह्या इथं अंडंच चालते, काका. दुसरं मले काही बनवताच येत नाही."

अंडी मी फोडली. फेटायचं काम काकांनी घेतलं. सुताच्या ओल्या लड्या रंगाच्या हंड्यात फिरवलेला तो हात. कँटीनमधून आणलेले दोन काटे धरून असा फिरला की पातेलं सरकायला लागलं, मी ते दोन्ही पायांत दाबून बसलो. रंग त्यांनी मिठाईच्या दुकानातून आणले होते. "खायचेच हायेत बरं. मी काही येडा नाही." लाल, पिवळा, हिरवा, तीनच पुड्या. त्यांतून त्यांनी सहा वाट्यांत सहा रंग उभे केले. माझ्या खोलीत तोवर एवढे रंग कधी आले नव्हते.

मग ते थांबले. फेस खाली बसायला लागला होता.

"तुरटी हाये का?"

"दाढीची हाये. कुठं कापलं काय?"

"आण."

त्यांनी ती वाटीच्या बुडानं कुटली.

"काका, खायच्यात तुरटी?"

"रंग धरून ठेवाले काही तरी लागते का नाही? नाही तं तिच्या बोटाले लागन, ओठाले लागन."

"अन् पोटात?"

"गढूळ पाणी तुरटीनंच निवळते ना? पेतोच ना आपण?"

त्यांनी पूड फेसात टाकली. आणि खरं सांगतो, तुरटी पडल्यावर थोडं फेटताच तो मरगळलेला फेस टच्च उभा राहिला. "पाह्य," काका म्हणाले, "बसला रंग."

शेगडीवर रेतीचं पातेलं, त्यात थाळी, झाकणावर निखारे. पहिली खेप करपली. दुसरी निघाली ती इतकी देखणी की आम्ही दोघं नुसते पाहत राहिलो.

काका खाणार नव्हते. म्हणाले, "तू पाह्य चाखून."

आधी साखर लागली. मग तुरटीनं जीभ धरली. गाल आत ओढले गेले, घसा कोरडा पडला. काका माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. मी आयुष्यभर तोंडं वेडीवाकडी करत आलो. त्या दिवशी एक तोंड सरळ ठेवायला घाम फुटला.

"एक नंबर, काका."

"खरं?"

"बेकरी काढा."

पुन्हा करायचे तर अंडी संपली होती. काकूंना पुढचा रविवार मिळणार की नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांच्या घरी काकूंना उशीला टेकवून बसवलं. ताटली मांडीवर घेऊन त्या बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. "एवढे रंग तं नर्सबाईजवळही नव्हते," म्हणाल्या आणि हिरवा उचलला. घास तोडला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला नको होतं, पण माझी सवयच ती. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं.

"कसं हाये वं?"

"तसंच हाये जी. तसंच्या तसं."

काकांनी त्यांची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "पाह्य, बोटाले जरासाही नाही लागला." आणि खुशीत पाणी आणायला आत गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं.

"तू खाल्ला?"

"हो."

"त्याईले सांगजो नोको."

काका आले तसा त्यांनी हात पुढे केला. "गुलाबी द्या जी." तो पूर्ण खाल्ला. थांबत थांबत, पाण्याच्या घोटाबरोबर.

शुक्रवारी काकू गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे उमरेडला परतले आणि दुसऱ्या दुपारी काका परत माझ्या दारात. रुमाल या वेळी नाकाला नव्हता.

"पानावर सगळं वाढलं गा. वडे वाढले, लाडू वाढले. तिच्या आवडीचं एकही नव्हतं."

परत अंडी, परत काटे, परत सहा वाट्या. "तुरटी आण," ते म्हणाले.

"संपली, काका." ती मी ट्रंकेमागे ढकलली होती.

त्यांनी खिशातून पुडी काढली. "मालूम होतं. घेऊनच आलो."

रेती तापेपर्यंत मला बोलता आलं असतं. मी निखारे हलवत बसलो.

झाल्यावर त्यांनी पळसाच्या पानावर दोन मॅकरून ठेवले. एक हिरवा, एक गुलाबी. मग त्यांनी माळ काढून खिळ्याला अडकवली.

"तिच्या वाटचं कोणी तरी खाल्लं पाहिजे."

"काका, राहू द्या. अंडं हाये."

"मालूम हाये."

त्यांनी हिरवा उचलला. दोनदा चावून थांबले. मी पातेल्यातल्या रेतीकडे पाहत राहिलो.

"हे असंच होतं? पहिलंही?"

"हो."

"अन् तू बोल्ला नाही."

"तुमच्याकडे पाहून बोलवलं नाही, काका."

"अन् ती?"

"त्या म्हणाल्या, सांगजो नोको."

काका थुंकले नाहीत. तोंडातला घास त्यांनी हळूहळू चावला, गिळला, राहिलेला तुकडाही तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दोन खाल्ले गा तिनं," ते म्हणाले.

आणि त्यांनी गुलाबी उचलला.