उरलेला जोड

आमच्या गोंदियातल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलवर पाहुण्यांची नोंद ठेवणारा माणूस रजिस्टरावर फारसा विसंबत नाही. पूल बंद करताना तो दारातल्या चपला बघतो. "मानूस सही कराले विसरते, चपला घालाले नाही विसरत," म्हणतो.

एका रविवारी माझ्याकडे आलेली भाची पोहून पेंगुळली, म्हणून मी तिला उचलूनच घरी नेलं. दारात राहिलेल्या तिच्या चपला न्यायला परत आलो, तर हा युनिफॉर्मसकट तळ न दिसणाऱ्या हिरव्या पाण्यात बुड्या मारत होता.

कमिटीने त्याला नोटीस दिली : कर्मचाऱ्यांना पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. कमिटीत मीही आहे. नोटिशीवर मीही सही केली.

काल चपला बघता बघता त्याने मला विचारलं, "साहेब, आता जोड उरला तं कोणाले हाक मारू जी?"