काकांच्या आवाजाची दुरुस्ती

माझी मावशी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. तिथं कुणी मोठ्यानं बोललं की ती नुसती चष्म्यावरून बघते आणि माणूस गप्प होतो. तिचा नवरा, म्हणजे माझे काका, बसचे कंडक्टर होते. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा गळा. आजारानं तोच गळा धरला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं आणि हाती टॉर्चसारखं एक यंत्र आलं. ते मानेला टेकवून ओठ हलवले की घरघरता, सपाट आवाज निघे. त्या आवाजातही काका भांडत, थट्टा करत.

एका सकाळी ते यंत्र फरशीवर आपटलं आणि बंद पडलं.

मावशी कंपनीच्या सेवा केंद्रात गेली. काउंटरवरच्या माणसानं ते हातात धड घेतलंही नाही.

"हे मॉडेल बंद झालंय. नवीन मागवा, यायला दोनेक महिने लागतील."

"तोवर त्यांनी बोलायचं कशानं?"

"मेसेज करू शकतात की, मॅडम."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निदान उघडून तरी बघा!"

"उघडायची परवानगी नाही. तुम्ही उघडलंत तर कंपनी जबाबदार नाही."

"आणि नाही उघडलं तर आहे का?"

त्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी काका पाटीवर लिहू लागले. पण लिहून होईपर्यंत थांबतंय कोण? दवाखान्यातली नर्स त्यांच्या कानाशी ओरडायची, जणू ते बहिरे आहेत. शेजारी त्यांच्यासमोरच मावशीला विचारायचे, "यांना चहा चालतो का?" काका पाटी पुसून ठेवायचे आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे. ते बघून मावशीचं डोकं आणखी फिरायचं.

शेवटी तिनं यंत्र गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्यानं कवच उघडून भिंगाखाली धरलं. चार्जिंगची पिन बसते ती जागा उखडली होती, शेजारचा तिळाएवढा एक भागही उडाला होता. "सुटे भाग मिळतील," तो म्हणाला, "पण इतकं बारीक काम आता माझ्या हातून होत नाही. हात थरथरतो."

"मग मला शिकवा."

त्यानं नवे भाग, बारीक तुकडे नीट जोडले की दिवे लागतात अशी सरावाची एक पट्टी आणि टोक तापणारी सोल्डरिंगची जुनी सळई दिली. मावशीनं जेवणाच्या टेबलावर दिवा ओढला, पंखा बंद केला आणि बसली. आधी एका टोकावर कथलाचा ठिपका द्यायचा, चिमट्यानं भाग धरून तो ठिपका वितळवायचा, भाग आत सरकवायचा. गार झाला की दुसरं टोक. ऐकायला सोपं. पहिला भाग चिमट्यातून उडाला तो काकांच्या बनियनवर सापडला. दुसरा उभाच चिकटला. तिसऱ्या वेळी तिनं सळई इतकी दाबून धरली, की पट्टीवरचं तांबंच सुटून आलं.

"एवढंसं करतात कशाला मेले! माणसानं हात घालूच नये म्हणून?"

काकांनी पाटीवर लिहिलं: "दोघांच्या वाटणीच्या शिव्या तूच दे."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी हात हलका पडला. सळई दाबायची नसते, नुसती टेकवायची, हे तिला उमगलं. सरावाच्या पट्टीवरचे दिवे ओळीनं लागले तेव्हा कुठं तिनं काकांचं यंत्र पुढ्यात घेतलं. चार्जिंगच्या जागेच्या दोन बारीक पायांमध्ये कथील सांडलं. ते तांब्याच्या जाळीनं टिपून काढताना तिचा घाम भिंगावर पडला. मग चार्जर लावला.

काकांनी यंत्र मानेला लावलं. "पंखा लाव. जीव गेला उकाड्यानं."

मावशी टेबलावर डोकं टेकून रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "चला."

सेवा केंद्रात काका स्वतः बोलले. त्या सपाट आवाजात राग चढत नाही, म्हणून प्रत्येक वाक्याला मावशी काउंटरवर हात आपटत होती. रांगेतले सगळे वळून बघू लागले.

"माझ्या बायकोनं जेवणाच्या टेबलावर केलं ते काम तुम्ही नाकारलंत," काका म्हणाले. "येत नव्हतं की करायचं नव्हतं?"

"तुमचं म्हणणं वर कळवतो, सर."

वर म्हणजे कुठं, हे आजवर कळलेलं नाही. मात्र रांगेतली एक बाई त्यांच्यामागून घरापर्यंत आली आणि तसंच मुकं यंत्र तिनं टेबलावर ठेवलं. मावशी म्हणाली, "मी नवशिकी आहे, बाई. बिघडेलसुद्धा."

बाईनं काकांची पाटी ओढून लिहिलं: "आत्ता कुठं चालू आहे?"

मावशीनं पंखा बंद केला.