चाळीस सेकंद कुणाचे?

आमच्या कुंभकोणमच्या ऑफिसात किस्से ट्रेस फाइलसारखे साठतात. ट्रेस फाइल म्हणजे सर्व्हरला कुणी, कधी, काय विचारलं याची इत्थंभूत नोंद. एरवी ढुंकून कुणी बघत नाही, डिस्क भरली की मग बोंबाबोंब!

त्या आठवड्यात तर पूरच! तिरुभुवनम्‌च्या रेशीम सोसायटीचं सॉफ्टवेअर रोज सकाळी अडकायचं. चेन्नईच्या मॅनेजर सरांनी ठरवून टाकलं, "रुक्माचा रिपोर्ट स्लो आहे. शुक्रवारी कॉलवर सोसायटीच्या सेक्रेटरींची माफी मागा. पुढचं काम चेन्नई करेल."

रुक्माअक्का आमची सीनियर. पापनाशम्‌हून पॅसेंजरने येते. घरचं मराठी तंजावरचं. मला पुणेकरणीला ते थेट बखरीतलं वाटतं! अक्का म्हणाली, "माफी? मीं केलें काय? आधीं ट्रेस टेबलांत घाल, ओळी-रकाने दिसूं देत. मग पाहूं."

*

घातला. एरर! फाइल सापडत नाही म्हणे. तीनदा तेच.

"अक्का, अगं ही काय, डेस्कटॉपवर दिसतेय!"

"तुझ्या डेस्कटॉपावर! सर्व्हर तुझ्या घरीं जेवायला येतो काय, त्याला ठाऊक असायला?"

गपचूप सर्व्हरवर कॉपी केली.

*

ट्रेसच्या फायली पाच होत्या; एक भरली की सर्व्हर पुढची उघडतो. मी घाईत पहिलीच लोड केली. तिच्यात नेमका अक्काचाच रिपोर्ट! सर खूश. "बास, पुरावा मिळाला!"

अक्का फोनवर म्हणाली, "सर, लग्नाचा अल्बम पहिल्या पानावर मिटला तर नवरी कोण ते कसं कळणार?"

पाचही लोड केल्या.

*

पुन्हा सरांचा फोन. "एक क्वेरी अकरा तास चाललीय! अकरा!!"

अक्का म्हणाली, "सर, ट्रेस नऊला सुरू केलाय. आत्ता दहा वाजलेत."

टेबलात प्रत्येक क्वेरीचा, म्हणजे सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाचा, वेळ मायक्रोसेकंदात येतो; सर त्याच्या हजारपट मोठे मिलिसेकंद धरून बसलेले. खरे होते चाळीस सेकंद!

फोन ठेवून अक्काने ती ओळ शेवटच्या रकान्यापर्यंत वाचली आणि खुदकन हसली. "शुक्रवारीं दाखवूं."

*

शुक्रवार. कॉलवर सर, सोसायटीचे म्हातारे सेक्रेटरी, आणि आम्ही दोघी.

"रुक्मा, माफीपासून सुरुवात करा."

अक्काने माफीबिफी काही नाही, सरळ टेबलच शेअर केलं! सगळ्यात वर चाळीस-चाळीस सेकंदांच्या अकरा ओळी. सगळ्या हातमागांचा पहिल्या दिवसापासूनचा हिशोब, कुणाच्या तरी डॅशबोर्डसाठी. तो चालू असेतो बाकी सगळं अडकायचं. आणि क्वेरी कुठल्या मशीनवरून आली त्या रकान्यात अकराही वेळा सरांच्या लॅपटॉपचं नाव!

सेक्रेटरींना ते नाव काय माहीत! चष्मा कपाळावर चढवून ते तमिळमध्ये कडाडले, "कोण हा? कुणीतरी त्याला सांगा ना, बंद कर म्हणून!"

अक्काही अदबीने तमिळमध्येच म्हणाली, "सांगायला नको, अय्या. ते ऐकतायत."