न पाहिलेले तोंड

सुमंत मुजुमदारचे काम पाहण्याचे आहे. धारवाडच्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत तो ओलसर कागदावर ज्वारीचे शंभर-शंभर दाणे मांडतो, चौथ्या दिवशी कोंबांची पहिली मोजणी करतो आणि दहाव्या दिवशी शेवटची. मधल्या दिवसांत कोणी कितीही घाई केली तरी तो निकाल सांगत नाही. ‘दाणा अजून बोलला नाही,’ हे त्याचे ठरलेले उत्तर. अकरा वर्षे ही शिस्त पाळणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलीचे तोंड मात्र ती पंधरा दिवसांची होईपर्यंत पाहिले नव्हते. आणि त्यांतले शेवटचे सहा दिवस ती रोज त्याच्या छातीवर होती.

मुलगी दहा आठवडे आधी जन्मली. त्याची पत्नी उत्तरा हिचा रक्तदाब अचानक इतका चढला की, आई वाचवायची तर मूल आजच बाहेर काढावे लागेल, असे हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितले. मुलीचे वजन अकराशे ऐंशी ग्रॅम भरले. उत्तराच्या मूत्रपिंडांनी काम थांबवले होते, म्हणून तिला वरच्या मजल्यावरील अतिदक्षता विभागात नेले. मुलगी खालच्या मजल्यावर, नवजात बालकांच्या विभागात, काचेच्या पेटीत राहिली. पेटीवर चिठ्ठी होती: ‘बेबी ऑफ उत्तरा’. नाव ठेवण्याइतकी खात्री अजून कोणालाच नव्हती.

सुमंतची आई हेमावतीबाई यांनी रायापूरच्या घरी पंचांग उघडले. मूळ नक्षत्र, पहिला चरण. त्या चरणावर जन्मलेले मूल बापाला जड जाते, अशी समजूत आहे. सत्ताविसाव्या दिवशी ते नक्षत्र पुन्हा येते. तेव्हा नक्षत्राची शांत करतात, बाप काशाच्या वाटीतल्या तुपात मुलाचे प्रतिबिंब पाहतो, आणि मगच त्याच्या तोंडाकडे वळतो. तोवर पाहायचे नाही.

हे हेमावतीबाईंनी मानावे याचे ओळखीच्यांना आश्चर्य वाटले. त्या मुलींच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका होत्या. जे सिद्ध झाले नाही ते गृहीत धरायचे नाही, असे त्यांनी तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून सांगितले होते. परंतु एकोणचाळीस वर्षांपूर्वी सुमंतही मूळ नक्षत्रावरच जन्मला होता. त्याचे वडील पद्मनाभ वकील होते. शांत वगैरे काही करायचे नाही, असे नवराबायकोने मिळून ठरवले, आणि पद्मनाभांनी सुइणीच्या हातून मूल घेऊन त्याचे तोंड डोळे भरून पाहिले. सुमंतच्या सातव्या महिन्यात धारवाडच्या रस्त्यावर त्यांच्या स्कूटरला लॉरीने धडक दिली आणि ते गेले. समाचाराला आलेल्या बायका तोंडाने काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या पाळण्याकडे पाहत.

श्रद्धेशी वाद घालता येतो, पश्चात्तापाशी घालता येत नाही. हेमावतीबाईंना नक्षत्रांचे गणित पटले नव्हते. त्यांना स्वतःची एक जुनी चूक दुसऱ्यांदा करायची नव्हती.

सुमंतला हे ठाऊक होते. ‘बापाच्या मुळावर आलेला’ हे शब्द त्याने लहानपणी एका चुलत आत्याच्या तोंडून ऐकले होते आणि ते अंगातून कधी गेले नाहीत. मुलगी जन्मली त्या दिवशी त्याने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. ही मुलगी जगवायची. आणि ते वाक्य तिच्या कानापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. त्यासाठी तिची पत्रिका कधीच करायची नाही. पण आईने सत्तावीस दिवस मागितले तेव्हा त्याने ते दिले. काचेपलीकडे मुलीला डॉक्टर सांभाळत होते, आपण न पाहिल्याने तिचे काय बिघडणार, असा त्याचा हिशेब होता. तो दारात उभा राहून वजन विचारी आणि वर जाई. उत्तरा शुद्धीवर आल्यापासून रोज एकच प्रश्न विचारत होती.

“कशी दिसते?”

“आज वीस ग्रॅमनी वाढली,” सुमंत म्हणे.

नवव्या दिवशी श्वासाची नळी निघाली, आणि विभागातील परिचारिका श्रीलक्ष्मी दारात आली. ती हुबळीजवळच्या उणकलची, कानडी-मराठी एकाच दमात बोलणारी.

“एन्री अण्णा, शर्ट काढा.”

“मी?”

“मग काय डॉक्टरांनी काढायचा? बाळाला आता छातीची ऊब पाहिजे. कातडीला कातडी. आईला उठता येत नाही, आजीला खोकला झालाय, तिला मी दाराच्या आत घेणार नाही. राहिलं कोण?”

सुमंत बाहेर आला. हेमावतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

“धर की,” त्या म्हणाल्या. “धरायला कोणी नको म्हटलंय? तोंड तेवढं बघू नकोस.”

“आई, ती माझ्या हनुवटीखाली असणार.”

“मग वर बघ. छताकडे.”

“छतात काय आहे?”

“दिवे असतील की.”

दिवे होते, आणि पांढरे चौकोनही. पहिल्या दिवशीच त्याने ते मोजले, बेचाळीस. श्रीलक्ष्मीने मुलीला त्याच्या उघड्या छातीवर उभी ठेवली, कापडाने दोघांना एकत्र बांधले आणि सूचना दिल्या. मान सरळ हवी, नाक मोकळे हवे, ओठ गुलाबी हवेत.

“लवकर आलेली ही मुलं श्वास घ्यायला विसरतात, अण्णा. विसरली की आठवण द्यायची. पाठ चोळायची, तळव्यावर टिचकी मारायची. पण विसरली हे कळायला बघायला पाहिजे.”

“पडद्यावर आकडे येतात ना?”

“येतात. मशीनला तळवा चोळता येतो काय?”

छताकडे पाहण्याचे कारण कळल्यावर ती हसली. मग रोज, येताजाता, “अण्णा, त्या छताला दृष्ट लागेल,” असे म्हणू लागली; आणि सुमंतऐवजी मुलीच्या ओठांकडे स्वतःच पाहू लागली.

सुमंत सहा दिवस, दिवसातून दोनदा, दोन-दोन तास असा बसला. त्याने मुलीला तळहाताने ओळखले. तिची पाठ त्याच्या चार बोटांइतकी रुंद होती. श्वासाबरोबर ती भरभर वरखाली होई, मध्येच थबके, पुन्हा चालू लागे. ती कधी झोपते, कधी कुरकुरणार आहे, हे त्याला आधी कळू लागले. वजन बाराशे दहावर आले. त्याने कचेरीत रजा वाढवून घेतली आणि चिगरी नावाच्या जलद बसने सकाळ-संध्याकाळ रायापूर-हुबळी करत राहिला. आपण दोन्ही बाजू राखल्या, असे त्याला वाटत होते.

पंधराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास विभागात जुळी मुले आणली. सगळे हात तिकडे धावले. मुलीच्या पायाला लावलेली नाडीची पट्टी सकाळपासून निसटत होती. दर वेळी यंत्र ओरडे आणि दर वेळी कोणी तरी येऊन ती पुन्हा चिकटवी. आताही यंत्र ओरडले.

श्रीलक्ष्मीने जुळ्यांवरून मान न वळवता हाक दिली. “अण्णा, पट्टी बघा! आणि तिचं तोंड बघा!”

सुमंतने हात लावून पाहिले. पट्टी सुटलीच होती. म्हणजे तेवढेच, असे म्हणून तो सैल होणार, तोच त्याच्या दुसऱ्या तळहाताखाली काही तरी कमी असल्याचे त्याला जाणवले. पाठ हलत नव्हती. थबकली असेल, असे म्हणून तो थांबला. ती पुन्हा चालू झाली नाही.

“नोड्री अण्णा!” श्रीलक्ष्मी ओरडली. “बघा!”

त्याने मान खाली घातली आणि पाहिले.

ते तोंड कोणासारखे आहे, हे त्याला त्या वेळी दिसले नाही. दिसला तो रंग. ओठ जांभळे पडले होते आणि नाकाभोवतीची कातडी राखेसारखी झाली होती. त्याने पाठ चोळली. काही नाही. तळव्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली, या वेळी जोराने. तो मोठ्याने मोजत होता हे त्याला नंतर सांगण्यात आले. सात म्हणताना मुलीचे अंग शहारले, तोंड उघडले आणि एक बारीक, रागीट आवाज निघाला. प्राणवायूची नळी घेऊन श्रीलक्ष्मी पोहोचली तेव्हा ओठांवर कडेने रंग परतत होता.

डॉक्टरांनी तपासले, औषधाची मात्रा वाढवली, या वयात हे होते असे सांगितले. मुलीला पेटीत ठेवू का, असे श्रीलक्ष्मीने विचारले. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला छातीवरच राहू द्या, असे सुमंत म्हणाला. उरलेला तासभर त्याने नजर हलवली नाही. कपाळावर बारीक लव होती. डावी भुवई उजवीपेक्षा वर होती, थेट उत्तरासारखी. आपण खाली पाहत असतो तर हे किती क्षण आधी दिसले असते, याचा हिशेब तो करत राहिला. आईची समजूत राखायला आपले काही खर्च होत नाही, असे त्याला वाटले होते. खर्च होत होते, फक्त देणारी दुसरी होती, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

बाहेर येताच तो बाकावर आईशेजारी बसला.

“आई, मी तोंड बघितलं.”

त्याने घडले ते सांगितले, सात अंकांपर्यंत.

“तुझ्या बाबांनीही असंच...” हेमावतीबाई म्हणाल्या.

“बाबांना लॉरीनं धडक दिली. मी पाळण्यात होतो, आई.”

“ठाऊक आहे मला.”

“तुला ठाऊक आहे. पण मला तू ते कधी सांगितलं नाहीस. आत्यानं जे सांगितलं तेच माझ्याजवळ राहिलं.”

हेमावतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. समोरून एक ढकलगाडी गेली.

“नव्हता तुझा दोष,” त्या म्हणाल्या. “सिद्ध करायला काही नव्हतंच त्यात. एवढं वाक्य मला म्हणता आलं नाही.” मग त्यांचा आवाज वर्गात येई तसा आला. “ओठ नक्की कसे झाले होते? जांभळे की निळे? मला नीट सांग. खोकला परवापर्यंत जाईल माझा.”

सुमंत वर गेला. उत्तराने नेहमीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी त्याने ग्रॅम सांगितले नाहीत.

“डावी भुवई वर आहे,” तो म्हणाला. “तुझ्यासारखी. कोणाला तरी रागे भरणार असल्यासारखी.” आणि मग श्वासाचेही सांगितले, काही न लपवता.

खोकला गेल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर अठराव्या दिवसापासून हेमावतीबाई सकाळच्या पाळीला बसू लागल्या, आणि सुमंत दुपारपर्यंत प्रयोगशाळेत जाऊ लागला. मुलीचा श्वास त्यानंतर एकदाच अडखळला, विसाव्या दिवशी. आजीने तळव्यावर टिचकी मारली आणि तो लगेच चालू झाला. मुलगी चमच्याने दूध घेऊ लागली. सत्ताविसाव्या दिवशी वजन चौदाशे ऐंशी भरले. काशाची वाटी त्या दिवशी घरीच, फडताळात राहिली.

त्याच दिवशी उत्तराला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीतून खाली आणता आले. सुमंत खुर्ची ढकलत होता. दारातून आत येताना चाके वाजली, श्रीलक्ष्मीने “आई आली, आई आली!” असा पुकारा केला, दोन परिचारिका पाहायला पुढे आल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत हेमावतीबाई नातीला छातीशी बांधून, चष्मा नाकावर ओढून, मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

“आलात? जवळ या,” त्या म्हणाल्या. “मला नजर काढता येत नाही. उत्तरा, तू बघायला लागलीस की मी सोडते.”