मातीची खोली, काढ्याची खोली

आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की पानातलं जेवण थंड होतं. एकानं "ते मालगुजार आठवतात का?" म्हणायचा अवकाश, दुसऱ्याला त्याहून वरचढ काहीतरी आठवतं. माणसं बरी होऊन आपापल्या घरी गेली, त्यांच्या गोष्टी मात्र आमच्याकडेच ॲडमिट राहिल्या!

वर्ध्याकडच्या सेलूजवळ शेतात दोन लांब खोल्या, एवढंच आमचं निसर्गोपचार केंद्र. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. मी तिथं नर्स होते. आमचे डॉक्टर बोकारे शिकले ॲलोपथी, पण जीव जडला माती-पाण्यावर. आणि जीव जडला म्हणून डोळे झाकतील तर ते बोकारे कसले! "लोक म्हणतात फरक पडतो. पण खरंच पडतो का, हे कुणी बघायचं?" असं म्हणून त्यांनी रिसर्च सुरू केला. एका खोलीत मातीच्या पट्ट्या, दुसऱ्या खोलीत आमच्या वैद्यबुवांचा काढा. कोणत्या खोलीला जास्त आराम पडतो, ते बघायचं.

* * *

पहिला घोळ घातला दोन म्हाताऱ्यांनी. दोघंही सांधेदुखीचे, एकाच गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. एक मातीच्या खोलीत, एक काढ्याच्या. दोघंही असे झपाट्यानं सुधारले की डॉक्टरही खूश आणि वैद्यबुवाही खूश!

एका दुपारी मी सहज खोल्यांच्या मागं गेले. बघते तर मातीवाल्याच्या हातात काढ्याचा पेला, आणि काढेवाल्याच्या गुडघ्यावर ओली माती!

"अहो आजोबा, हे काय चाललंय?"

"बाई, आमी एका चिलमीचे दोस्त. मंग काढा काऊन येगळा प्यावा?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दोघांचेही रिझल्ट बाद!"

वैद्यबुवा मिशीत हसत म्हणाले, "बाद कशाला करता? तिसरी खोली बांधा, दोस्तांची!"

* * *

कारंज्याकडचे एक माजी मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदारच, वजन उतरवायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना उपासावर ठेवलं. लिंबूपाणी, ताक, बस्स. पण काटा काही हलेना! उलट चेहऱ्यावर तजेला यायला लागला. डॉक्टर हरखले. "उपासानं माणूस पुष्ट होतो की काय? हा तर नवाच शोध!"

मालगुजारीणबाई मोठ्या मायेच्या. रोज गडी पाठवून नवऱ्यासाठी धुतलेलं धोतर धाडायच्या. एकदा ते धोतर मी घडी मोडून दांडीवर टाकायला घेतलं, तर खसखस आणि खोबऱ्याचा घमघमाट! घडीतून तेलात तळलेल्या पुडाच्या वड्या भदाभदा खाली पडल्या. अजून गरम होत्या.

आम्ही वड्या जप्त केल्या. मालगुजार खाटेवर उठून बसले आणि अगदी दुःखानं म्हणाले,

"मालगुजारी सरकारनं नेली. आता वड्या तुमी नेऊन राह्यले!"

* * *

आमच्याकडे वाफेची एक लाकडी पेटी होती. माणूस आत, मुंडकं बाहेर. वैशाखात एक ट्रक ड्रायव्हर पाठदुखी घेऊन आला. डॉक्टरांनी पेटीकडे बोट दाखवलं, तसा तो दोन पावलं मागंच सरला.

"डाक्टरसाहेब, मी इंजिनाच्या बाजूले बसून नागपूर-अमरावती करतो. मले अजून वाफ काऊन पायजे? तुमीच एक खेप माह्यासंगं चाला, तुमचीच पाठ मोकळी होते!"

दुसरा कुणी असता तर रागावला असता. आमचे डॉक्टर खरंच ट्रकमध्ये जाऊन बसले! दुसऱ्या दिवशी परतले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि पहिली ऑर्डर सोडली,

"मृग लागेपर्यंत पेटी बंद!"

* * *

एकदा नागपूरहून एक बडे डॉक्टर तपासणीला आले. त्यांचा शेरा वाईट पडला असता तर केंद्राला कुलूप लागणार होतं. आम्ही अंगण सारवलं, चादरी बदलल्या. पाहुणे पहिल्याच खाटेपाशी थांबले. तिथं डोळे आले म्हणून दाखल झालेला एक म्हातारा होता.

"काय बाबा, फायदा आहे का?"

म्हाताऱ्यानं हात जोडले. "सायब, मी लुळा होतो! खाटेवरून उठता येत नोतं. डाक्टरनं माती लावली, आता हरणावानी धावतो!"

पाहुणे खूश होऊन डॉक्टरांकडे वळले. मी मनात म्हटलं, सुटलो!

आणि आमचे डॉक्टर म्हणाले, "हा खोटं बोलतोय. याचे पाय कधीच दुखले नव्हते. याचे डोळे आलेत, आणि तेही अजून लालच आहेत."

म्हातारा ओशाळून म्हणाला, "पाव्हणे आलते न साहेब. पाव्हण्याच्या ताटात थोडं जास्तच वाढा लागते!"

पाहुणे पोट धरून हसले. जाताना डॉक्टरांना म्हणाले, "तुमची माती मला पटलेली नाही. पण तुमचे आकडे मी डोळे मिटून मानीन."

केंद्र चालू राहिलं.

* * *

छप्पन सालची गोष्ट. शेजारच्या गावचे एक शाळामास्तर, दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. पांढरेशुभ्र कपडे, ताठ मान. तापानं फणफणलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन ते दुपारी दारात उभे राहिले. ताप कित्येक दिवस उतरत नव्हता. पोर ग्लानीत होती.

डॉक्टरांनी मला माती भिजवायला सांगितलं. मी पट्टी घेऊन आले, तर मास्तरांनी हात आडवा केला.

"डाक्टरसाहेब, घरची म्हातारी माणसं अंगारा लावा म्हणत होती. मी नाई लावू देला. आता आमी ते सारं सोडलं. म्हणून विचारतो. या मातीनं माही पोरगी बरी होते, हे तुमाले माहीत हाय, का तुमचा विश्वास हाय?"

डॉक्टरांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. माझ्या हातातल्या पट्टीतून पाणी ठिबकत होतं.

"विश्वास आहे," ते हळूच म्हणाले. "माहीत नाही."

मग माझ्या हातातली पट्टी घेऊन बादलीत टाकली, पोरीला स्वतः उचललं आणि चपला न घालताच सडकेवर धावले. कापसानं भरलेला एक ट्रक येत होता, त्याच्या पुढ्यात जाऊन उभेच राहिले! त्याच ट्रकातून पोरीला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. टायफॉईड निघाला. मास्तर आणि डॉक्टर दोघंही तिच्या उशाशी बसून होते. नव्या गोळ्या लागू पडल्या आणि पोर वाचली.

थंडी सरता सरता मास्तर पुन्हा आमच्या दारात! पोरगी बोट धरून, टुणटुणीत. डॉक्टर घाबरून उठले. "काय झालं?"

"पोरीले काई नाई. माहा गुडघा दुखून राह्यला. माती लावा."

"मास्तर, मातीचा उपयोग होतो हे मला अजूनही माहीत नाही."

मास्तर खाटेवर बसले आणि पायजमा गुडघ्याच्या वर सारत म्हणाले,

"म्हणूनच त तुमच्याकडे आलो!"